तिसरा दिवस कोणासाठी?

"काकाजी, नागपुरात दीड तासात राख हातात देतेत. आपल्या इथं तीन-तीन दिवस कायले थांबाचं?"

पवनी तालुक्यातल्या एका गावी मातीला गेलो होतो, तिथं नात्यातल्या एका तरुणानं मला हे विचारलं. मुलगा इंजिनिअर, पुण्याला नोकरीला, मनानं सरळ. त्याच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. आजीची राख तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायची ठरली होती आणि परतीचं तिकीट आदल्या रात्रीचं होतं. मयताच्या घरी वाद घालत नाहीत, म्हणून मी गप्प बसलो. पण त्याचं बोलणं मनातून जाईना. एवढ्या साध्या प्रश्नाला आपल्यापाशी पटण्यासारखं उत्तर असू नये, हे मला सलत राहिलं.

सुतक, पिंड, कावळा, तेरवी यांवर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालं आहे. कर्मकांड का करावं आणि का करू नये, हे वाचकांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला त्यात शिरायचं नाही. अग्नी दिल्यापासून राख हातात येईपर्यंत जो काळ जातो, तेवढ्याचाच मला विचार करायचा आहे.

हा काळ मुळात विस्तवानं ठरवला. उघड्यावरच्या सरणाला तीन ते पाच क्विंटल लाकूड लागतं. त्यातली बरीचशी धग आभाळात जाते, म्हणून देह जळायला काही तास लागतात. ज्वाळा खाली बसल्या तरी काम संपत नाही. वरची राख आतल्या निखाऱ्यांवर पांघरुणासारखी पसरते आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा काडी खुपसली तर आत लाल दिसतं. गॅसच्या किंवा विजेच्या दाहिनीत बंद भट्टी असते, आठशे अंशांच्या वर उष्णता टिकवून धरलेली असते, म्हणून तिथलं काम दीड-दोन तासांत उरकतं. यात श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा काही संबंध नाही. उघड्या आगीला वेळ लागतो, कोंडलेल्या आगीला कमी लागतो.

त्या तिसऱ्या सकाळी काय चालतं, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी सरणाच्या जागेवर पाणी शिंपडतात, मागून थोडं दूध. चर्र आवाज आला तर जाणती माणसं हात मागे घेतात आणि आणखी पाणी मागवतात. मग पायाकडून सुरुवात होते. घरातला मोठा आधी वाकतो, त्याच्यामागून बाकीचे. हाडं पांढरी, कुठं निळसर झाक असलेली, हातात धरली तर वजनच लागू नये इतकी हलकी. जोरानं धरलं की तुटतात, म्हणून आपोआप दोन बोटांनी उचलली जातात. कोळसा कुठला आणि हाड कुठलं हे ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. एका घरी मांडीच्या जागी स्टीलचा रॉड सापडला होता. पाय मोडला तेव्हा डॉक्टरांनी बसवलेला. तो रॉड हातात घेऊन मुलगा किती तरी वेळ उभा होता. बापाला दवाखान्यात नेल्यापासूनचं सगळं त्याला त्या रॉडनं आठवून दिलं असावं. घाई कर, असं त्याला कोणी म्हणालं नाही. उरलेली राख लोटून, पोत्यात भरून वैनगंगेत शिरवली, जागा पाण्यानं धुतली आणि माणसं घरी आली.

आता माझा एक आवडता भेद सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. थांबणं दोन तऱ्हेचं असतं. एकात वस्तूलाच वेळ लागतो. धान पिकायला लागतो, दही लागायला लागतो, निखारा विझायला लागतो. तिथं पाटील आणि गडी सारखेच थांबतात, पैसे देऊन कोणाला पुढचा नंबर मिळत नाही, आणि केव्हा संपणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्यात माणूस माणसाला थांबवतो. साहेब जेवायला गेलेले असतात, सही व्हायची असते, खिडकी बंद असते, आणि केव्हा संपणार हे कोणी सांगत नाही. पहिल्या थांबण्यात माणूस निवांत होऊ शकतो. दुसऱ्यात तो लहान होतो.

अपघातात गेलेल्या माणसाचं शव मिळावं म्हणून शवविच्छेदनगृहाबाहेर बसलेले लोक पाहा. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा लाचारी जास्त दिसते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे दुसरं थांबणं घराघरात शिरलं. कोणाला किती वाजता जाळणार, राख कोणाची कोणती, ती घ्यायला यायचं की नाही, काहीच कळत नव्हतं. संसर्गाच्या भीतीनं कित्येक जण गेलेच नाहीत. महाराष्ट्रात ठिकठिकाणी कलश बेवारस पडून राहिले आणि अखेर अनोळखी स्वयंसेवकांनी ते नदीत सोडले. त्या काळात ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याशी आजही बोललं तर "राखसुद्धा मिळाली नाही" हे वाक्य हमखास येतं. देह पाहायला मिळाला नाही हे ते सांगतातच, पण राखेचं वेगळं सांगतात.

पुण्याच्या त्या मुलाची गफलत मला इथं दिसते. त्याच्या पिढीचा जन्म दुसऱ्या तऱ्हेच्या थांबण्यात जातो. सिग्नलला, बँकेत, कॉल सेंटरच्या फोनवर. त्यामुळे थांबणं म्हटलं की त्याला कोणीतरी आपला वेळ खातंय असंच वाटतं. विस्तव आपला वेळ खात नाही, तो स्वतःचा वेळ घेतो, हे त्याला सांगावंसं मला वाटत होतं.

त्याच्याशी मी मनात पुष्कळ भांडलो. त्याचे काही मुद्दे मला बिनशर्त मान्य आहेत. लाकडाचा मुद्दा खरा आहे. आमचा भंडारा जिल्हा झाडीपट्टीतला असला तरी एका देहाला काही क्विंटल सरपण, हा हिशेब जंगलाला परवडणारा नाही. नदीचा मुद्दाही खरा आहे. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि धरण उभं राहून पाणी अडल्यापासून वैनगंगेचा मोठा पट्टा वाहती नदी राहिलेला नाही. साचलेल्या पाण्यात टाकलेलं तिथंच घुटमळतं. पश्चिम महाराष्ट्रात अनेक कुटुंबं राख शेतात पसरतात, तिच्यावर झाड लावतात. आपणही ते करायला हवं. यावर मी त्याच्या बाजूनं गावात बोलायला तयार आहे.

"दुःख मनात असतं, राखेत काय आहे?" हे मात्र मी मान्य करणार नाही. दुःख मनात असतं हे खरं, पण मनाला काम लागतं. बापाचं हाड उचलताना ते तुटू नये म्हणून बोटं जपून वागतात, आणि त्या जपण्यात माणूस बापासाठी शेवटचं काहीतरी करत असतो. अग्नी देताना हे होत नाही. तेव्हा गर्दी असते, कोणी हात धरून फिरवत असतं, मडकं फुटतं आणि काय झालं ते कळायच्या आत सगळं होऊन जातं. सावडताना सगळं कळत असतं.

पण त्याचा सर्वांत बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला टाळता येत नाही. निखारा विझेपर्यंत थांबायचं हेच तीन दिवसांचं कारण असेल, तर भट्टीत निखारा दोन तासांत विझतो. मग कारणच उरत नाही. माझा आवडता भेद इथं मला उपयोगी पडत नाही. उलट त्याच्याच हाती जातो. दाहिनी असलेल्या गावात तिसऱ्या दिवसापर्यंत थांबणं हे विस्तवाचं थांबणं राहत नाही. ते माणसानं माणसावर लादलेलं होतं.

उत्तर शोधताना मी भलतीकडेच गेलो, पण ते भलतीकडचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ज्या तालुक्यात हा प्रश्न मला विचारला गेला, त्या पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वीच्या शतकांमधला मोठा स्तूप उजेडात आला. मुचलिंद नागाचं शिल्प, त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं त्याचं नाव, असं बरंच काही तिथं मिळालं. आज पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणून ओळखतात, तिथल्या मंदिरांसाठी आणि घाटांसाठी. पण घाटांच्या कितीतरी आधी या गावात स्तूप होता. आणि स्तूपाची कल्पनाच मुळी राखेपासून सुरू होते.

महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाच्या अंत्यसंस्काराची हकिकत आहे. कुसिनारेच्या मल्लांनी सहा दिवस देहाचा सन्मान केला आणि सातव्या दिवशी चिता रचली. मल्लांचे चार प्रमुख ती पेटवू लागले, तर पेटेना. का पेटत नाही, तर महाकस्सप पाचशे भिक्षूंसह पावेहून निघाले आहेत, ते अजून वाटेत आहेत. ते पोचले, त्यांनी चितेला प्रदक्षिणा घातली, पायांवर डोकं ठेवलं आणि चिता आपोआप पेटली. पुढं अस्थींवरून वाद झाला. द्रोण नावाच्या ब्राह्मणानं त्यांचे आठ वाटे केले, मगधाच्या अजातशत्रूपासून कुसिनारेच्या मल्लांपर्यंत सगळ्यांना दिले आणि मोजायचं भांडं स्वतःसाठी मागून घेतलं. सगळं वाटून झाल्यावर पिप्पलिवनाचे मोरिय आले. त्यांना उशीर झाला होता. अस्थी उरल्या नव्हत्या. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. कोळसे दिले. त्यांनी ते नेले आणि कोळशांवर स्तूप बांधला.

चमत्काराचा भाग ज्याला मानायचा नाही त्यानं मानू नये. मला त्या कथेचा रोख महत्त्वाचा वाटतो. त्यात दोनदा उशिरा येणारा माणूस आहे, आणि दोन्ही वेळा त्याच्यासाठी जागा केलेली आहे. पहिल्यासाठी आग थांबते. दुसऱ्यासाठी निदान कोळसा राहतो.

हे वाचताना माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. तिसरा दिवस विस्तवानं दिला असेल, पण माणसांनी तो वापरला उशिरा येणाऱ्यांसाठी. भंडाऱ्याच्या खेड्यात माणूस सकाळी गेला तर दुपारी, फार तर सूर्य मावळायच्या आत माती होते. दिलेली लेक चार गावं पलीकडे, भाऊ बालाघाटकडे, मुलगा सुरतेच्या कारखान्यात. त्यांना तोंड पाहायला मिळत नाही. त्यांच्यासाठी राख आहे. बायकांनी अग्नी देताना घाटावर येऊ नये ही जुनी रीत. पण सावडायला लेकी-सुना जातात अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांनाही पहिल्या दिवशी अडवलेलं असतं, तिसऱ्या दिवशी येता येतं. १८९० साली सावित्रीबाई फुले जोतीरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवं धरून चालल्या, ती आजही अपवादातली गोष्ट आहे. बाकीच्या बायकांच्या वाट्याला त्यांचं म्हणून काही येत असेल, तर ती तिसऱ्या दिवसाची सकाळ.

हेच मोठ्या प्रमाणावर घडलेलंही आपण जाणतो. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, ७ तारखेला दादरला अंत्यसंस्कार झाले. भंडाऱ्याच्या खेड्यात बातमी पोचून, पैसे जमवून, मुंबईची गाडी गाठून त्या वेळेत पोचणं किती जणांना शक्य होतं? पण नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्तूपात त्यांच्या अस्थी आहेत. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. १९५६ ला जे पोचू शकले नाहीत ते, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते, तिथं पोचतात.

आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेलेल्या आनंदीबाई जोशी. वय पुरतं बावीसही नाही. त्यांच्या अस्थी अमेरिकेला थिओडिशिया कार्पेंटर या बाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या. अमेरिकेत ज्यांनी आनंदीबाईंना लेकीसारखं सांभाळलं त्या बाईंना पुण्याला येऊन निरोप देणं शक्य नव्हतं. राख समुद्र ओलांडून त्यांच्यापर्यंत गेली. तिथं तीन दिवसांचा हिशेब कुठला लावणार?

इथंच मला तीन दिवसांचा आग्रह सोडावा लागतो. तो शास्त्रातही एकसारखा नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थिसंचय दहाव्या दिवसानंतर, कृष्णपक्षातल्या विषम तिथीला सांगितला आहे. अंगठा आणि अनामिका यांनी, आवाज न करता, पायांकडून डोक्याकडे अस्थी उचलायच्या आणि कलश खड्ड्यात पुरायचा असा तिथला विधी. नदीत टाकायचं तिथं नाहीच. निरनिराळ्या ग्रंथांनी निरनिराळे दिवस सांगितले आहेत, हे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे दिवसाचा आकडा कधीच पक्का नव्हता. त्या मुलाला "तीन दिवस थांबलंच पाहिजे" असं ठासून सांगायला मी लेखणी उचलली होती. आता मला एवढंच म्हणता येतं की शेवटचं माणूस येईपर्यंत राखेनं थांबावं. ते दुसऱ्या दिवशी आलं तर दुसऱ्या दिवशी सावडा. महिन्यानं येणार असेल तर महिनाभर ठेवा.

मग दाहिनीशी माझं भांडण उरत नाही. राख दोन तासांत तयार होणं यात वाईट काही नाही. ती दोन तासांत उरकून टाकणं वाईट. शहरांमध्ये आता जे चाललं आहे ते पाहिलं तर थांबणं कमी झालेलं नाही, त्याची जागा बदलली आहे. मुलगा परदेशातून यायचा म्हणून देह भाड्याच्या शीतपेटीत दोन-दोन दिवस ठेवतात. घरात चूल पेटत नाही, म्हातारी जोडीदारीण त्या पेटीपाशी बसून असते, यंत्राची घरघर रात्रभर चालू. मुलगा येतो, तासाभरात दाहिनीत नेतात, संध्याकाळी कलश मिळतो, दुसऱ्या दिवशी रामटेकच्या अंबाळ्यात किंवा नाशिकच्या रामकुंडात विसर्जन आणि रात्री विमान. पूर्वी अग्नीनंतर थांबत होतो, आता अग्नीच्या आधी थांबतो. आधीचं थांबणं देहासमोर असतं आणि ते घर पिळून काढतं. नंतरचं थांबणं राखेसमोर असतं. त्यात माणसं दोन घास खाऊ शकतात, झोपू शकतात, गेलेल्याविषयी बोलू शकतात. मला निवड करायची असेल तर मी देहाला लवकर मोकळं करीन आणि राखेला थांबवीन.

राखच नसेल तर काय होतं, हे या जिल्ह्यानं पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. इतक्या लहान लेकरांना आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. पुरल्यावर सावडायला काही नसतं, आणि ओली बाळंतीण मातीला जाऊ शकत नाही. अशा आईसाठी आपल्या रीतीत दुसरी वेळच ठेवलेली नाही. ती असायला हवी, असं मला फार वाटतं.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे हा सगळा विचार घरातला न राहता गावाचा होतो. थांबायला मजुरी बुडवावी लागते. रोवणीच्या दिवसांत मजुराच्या घरी माणूस गेला की संध्याकाळी माती, दुसऱ्या दिवशी राख शिरवायची आणि तिथंच तेरवीचं उरकून घ्यायचं, असं आता बऱ्याच घरी होतं. त्यांना कोणी आधुनिक म्हणत नाही आणि धर्म बुडवला असंही म्हणू नये. त्यांच्याकडे थांबण्यापुरते पैसे नाहीत. पगारदाराला रजा असते, शेतमजुराला कोणती? महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगाराची हमी देणारा कायदा केला, कामाचा हक्क मानला. घरातलं माणूस गेल्यावर दोन-तीन दिवस मजुरीशिवाय भागेल एवढी तजवीज करणं त्या राज्याला अवघड नाही. गावाला तर त्याहून सोपं आहे.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. दाहिन्या व्हाव्यात, तालुक्याच्या गावीसुद्धा. प्रत्येक घाटावर कुलूप लागणारं, नाव लिहिलेलं कपाट असावं आणि त्यात राख महिनाभर फुकट राहावी. धरणग्रस्तांच्या नव्या गावांना ज्या अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात त्यांत स्मशानभूमी आहेच, त्यात हे एक कपाट वाढवायला फार खर्च येणार नाही. आणि ज्या घरी हातावर पोट आहे, त्या घरची मजुरी तेवढे दिवस ग्रामपंचायतीनं द्यावी.

त्या मुलाला मी हे सगळं सांगणार आहे. त्याचं तिकीट बदलत नव्हतं, तो निघून गेला, आणि राख त्याच्याशिवाय सावडली गेली. त्याच्या घाईचा मला तेव्हा राग आला होता. पण आम्हीही त्या सकाळी तिथीकडे पाहिलं, त्याच्या येण्याकडे पाहिलं नाही. पुढच्या रविवारी तो येऊ शकला असता. एक मूठ राख मडक्यात झाकून ठेवायला कोणतं शास्त्र आड येत होतं?